‘पडणारच आहेत ते!’ : आत्याबाईंना खुले पत्र

तीर्थरूप आत्याबाई यांस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण तुम्ही एकट्या आमच्या नाही. बारसं असो, मुंज असो, एखादं पोर तोंड उघडून हसलं की त्याच्या जबड्यात डोकावून निकाल देणारी आत्याबाई घरोघरी असते. क्वचित तिला मिशा असतात. मग तिला काका म्हणतात. दंतवैद्यकाच्या पदवीला चार वर्षं, वर इंटर्नशिपचं एक आणि वाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्रात एमडीएस व्हायला आणखी तीन. तुमचा हा सगळा अभ्यासक्रम हळदीकुंकवाच्या बैठकीतच उरकला, याचा आम्हाला अभिमान आहे.

तुमचं पहिलं सुभाषित: ‘दुधाचे दात ते, पडणारच आहेत, कशाला खर्च?’ पडणार आहेत हे खरंच. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत थांबतात ते उगाच नव्हे. एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखी त्या पुढच्या दाढांची जागा धरून ठेवतात. कीड लागून ती दाढ पाचव्या-सहाव्या वर्षी काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकून बसते आणि हक्काचा दात उगवायला येतो तेव्हा त्याला कुठूनतरी वाकडंतिकडं डोकं काढावं लागतं. त्यात गंमत अशी की सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कायमची असते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तिचं आगमन कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही तिलाही दुधाचीच ठरवलीत. तिच्यात खड्डा पडला, तरी ‘पडणारच आहे’.

पण तुमची खरी करामत मुहूर्त काढण्यात आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे वरचे पुढचे दात फाकलेले दिसले, मध्ये फट दिसली, की तुमचा जीव कासावीस. ‘आत्ताच्या आत्ता तार लावा!’ या वयात असं दिसणं बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन तज्ज्ञानं 1937 मध्ये या अवस्थेला ‘कुरूप बदकपिल्लू’ असं नावही देऊन ठेवलं. हाडात वर दडलेले सुळे शेजारच्या दातांची मुळं रेटत असतात. पुढे सुळे खाली उतरले की बऱ्याचदा फट आपोआप मिटते. त्याच पंगतीत दुसरा मुलगा बसलेला असतो, ज्याचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आहे. त्याला मात्र तुम्ही ‘अगदी आजोबांवर गेलाय हो’ म्हणून बोटं मोडता आणि मोठा झाला की बघू म्हणता. जबड्याच्या बिघाडात मुलाची वाढ हेच मोठं औषध असतं. वाढ चालू आहे तोवर जबड्याला वळण लावता येतं, ती थांबली की गंभीर बिघाडात शस्त्रक्रियेशिवाय फारसं काही उरत नाही. म्हणून अमेरिकेतल्या दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासून घ्या म्हणते. तपासून घ्या, आत्याबाई, तारा लावा नव्हे. थांबायचं तिथे तुमची घाई आणि घाई करायची तिथे तुमचा धीर. इतकं अचूक चुकायलाही साधना लागते.

तारा म्हणजे मुलीच्या लग्नाची पूर्वतयारी, मुलाला काय करायचंय, हेही तुमचंच. वरचे दात फार पुढे आलेले असले की पडल्याझडल्यावर पहिला टवका त्यांचाच उडतो, आणि सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना चेंडू स्थळं बघून लागत नाही. चाळिशीतल्या वहिनीनं तारा लावल्या तर तुम्ही ‘आता कुणाला दाखवायचंय’ म्हणून हसलात. दातावर हलका दाब राहिला की दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. हिरड्या आणि हाड धड असेल तर चाळिशीतही हे चालतं, जरा सावकाश. म्हणूनच ‘डॉक्टरांना सांग, चांगली करकचून आवळा, लवकर होईल’ हा सल्ला कृपा करून मागे घ्या. जास्त दाबानं दाताभोवतीचा रक्तपुरवठा कोंडतो, दात अडून बसतो, मूळ आखूड होण्याचा धोका वाढतो.

आणि डोळे! वरचा दात काढला की दृष्टी जाते, ही तुमची लाडकी भीती. दातांची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी. मेंदूतून निघतात तेव्हापासूनच वेगळ्या. तुमचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असताना तुम्हाला चाळिशी लागली, ती कोणता दात काढल्यामुळे? सरळ करण्यासाठी दात काढावेत की नाही यावर भांडायचं असेल तर अवश्य भांडा. दिग्गज अँगल यांचा शिष्य ड्यूई आणि केस हे दोन अमेरिकन दंततज्ज्ञ 1911 मध्ये यावरच जुंपले होते. पण त्यांच्या भांडणाचा विषय जबड्यातली जागा आणि चेहऱ्याची ठेवण हा होता. चष्म्याचा नंबर कुणी काढला नाही.

एका बाबतीत मात्र मला थट्टा सुचत नाही. ‘फटीवर साधा रबर चढवा, पंधरा दिवसांत बंद’ असा व्हिडिओ तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलात. दात मुळाकडे निमुळता असतो. रबर त्यावरून घसरत हिरडीच्या आत शिरतो, दिसेनासा होतो आणि हाड पोखरत वर जातो. धडधाकट पुढचे दात हलायला लागून गमावलेली माणसं आहेत. तो व्हिडिओ पुसून टाका.

बाकी, तारा निघाल्या म्हणजे सुटलो, रात्री दात जागेवर धरून ठेवणारं ते रिटेनर कशाला, असं आमच्या धाकट्याच्या कानात आधीच सांगू नका. खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीनं बसू लागतात, तारा कधीच न लावलेल्यांचेही. त्याचं खापर तुम्ही अक्कलदाढेवर फोडता, पण ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही त्यांचीही तीच कथा.

भाऊबीजेला आम्ही सगळे येतोच आहोत. धाकट्याला नुकत्याच तारा लागल्यात, तेव्हा त्याच्यासाठी बेसनाचे लाडू ठेवा. चकली, चिक्की, ऊस नको. ‘एका चकलीनं काय होतंय’ असं म्हणून त्याच्या आत्याआजीनं ताटलीत सरकवलीच, तर निघालेलं ब्रॅकेट पुन्हा चिकटवायचे पैसे बाबा तुमच्या ओवाळणीतून वळते करून घेतील. त्यांच्याशी बोलणं झालं आहे.

आपली भाची