चालतंय ना? मग हात लावू नका!

सर्व्हर सांभाळणाऱ्यांत सध्या दोनच पंथ जोरात आहेत. एक ‘चालतंय ना, मग हात लावू नका’वाला, दुसरा ‘टाकून तर बघू’वाला.

पहिल्या पंथात सर्व्हर किती दिवस रीस्टार्ट झाला नाही, यावर साधकाची पायरी ठरते. गावचा हरिनाम सप्ताह आठवड्याभरात काल्याने संपतो. इथला अखंड यज्ञ तीन-तीन वर्षं चालतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, अपडेट डिस्कवर उतरून पडलेलं असतं आणि रीस्टार्टशिवाय ते सहसा लागू होत नाही, पण एवढ्यातेवढ्याने समाधी कोण मोडणार?

या पंथाचं काशीक्षेत्र म्हणजे अमेरिकेतली पतमाहिती कंपनी इक्विफॅक्स. तिथल्या अपाची स्ट्रट्स या वेब-सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारा पॅच मार्च २०१७ मध्ये आला, तोही फुकट. तो लावा, असा मेलही कंपनीत फिरला. मेल फिरला म्हणजे काम झालंच! मेमध्ये चोर आत आले आणि जुलैअखेरपर्यंत पाहुणचार घेत राहिले, कारण पहाऱ्यावरच्या यंत्राचं प्रमाणपत्रच मुदत संपून पडलं होतं. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. पायउतार झालेल्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे सांगितलं, की पॅचचा निरोप एका माणसाने पुढे पोचवला नाही. चौदा कोटींचा भार एकट्याच्या खांद्यावर! काय ती छाती असेल.

दुसरा पंथ कर्मयोगी. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने अपडेटची एक सदोष फाइल जगभर एकदमच सोडली आणि ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. सव्वा तासात ती मागे घेतली, पण झोपलेली यंत्रं आपण होऊन उठेनात. कित्येक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापुढे बसून फाइल उडवली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहिले गेले. पहिल्या पंथाने त्या दिवशी पेढे वाटले असणार: “बघा, म्हणून आम्ही अपडेट करत नाही!”

अपडेट आधी नकलेवर लावा, मग एक-दोन यंत्रांवर, थांबा, मग बाकीच्यांवर, असं सांगणारा दोघांनाही नकोसा. त्याच्या हातून काहीच घडत नाही, मग सत्कार कशाचा करायचा?

तेव्हा वाचकहो, पंथ कुठलाही असला तरी गाडी शेवटी बॅकअपवरच येते; सोमवारी आपल्या ऑफिसात विचारा: बॅकअप परत उतरवून शेवटचा कधी पाहिला? नेमकी तारीख सांगणाऱ्याचा पगार वाढवा. “बॅकअप आहे हो, रोज होतो” असं उत्तर आलं, तर वळणदार अक्षराचा एक कारकून आत्ताच हेरून ठेवा.