बिटकॉइनच्या खाणमालकास, कृष्णाकाठावरून

खाणमालक महोदय,

पत्राच्या माथ्यावर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपली रीत. ती मी मोडतो आहे. तुमच्याविषयी प्रेम नाही आणि असल्याचे दाखवायची इच्छाही नाही.

तुमच्या खाणीला ना कुदळ लागते, ना फावडे. पत्र्याच्या शेडमध्ये हजारो यंत्रे रात्रंदिवस एक आकडा शोधत घरघरत असतात. साधारण दर दहा मिनिटांनी जगात कुणाला तरी तो सापडतो आणि एप्रिल 2024 पासून त्याचे बक्षीस आहे 3.125 बिटकॉइन. बाकी सगळ्यांनी तेवढ्या वेळात जाळलेली वीज गेली ती गेलीच. तुमचे एक यंत्र सव्वातीन किलोवॅटच्या आसपास वीज ओढते. आमच्या तासगावच्या द्राक्षबागेतली पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॅटची असते. म्हणजे तुमचे एक यंत्र हा जवळजवळ एक कृषिपंपच. त्या पंपाला वर्षानुवर्षे आठ-दहा तास थ्री फेज मिळत आली, आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीला शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो, पायाखाली साप आहे का बघत दारे धरतो. दिवसा वीज मिळावी म्हणून या भागातली माणसे रस्त्यावर बसली आहेत. तुमची यंत्रे मात्र चोवीस तास चालतात, आणि एखादा तास थांबली की तुम्ही नुकसान मोजता.

केंब्रिज विद्यापीठाच्या 2025 सालच्या अंदाजाप्रमाणे बिटकॉइनचे खनन वर्षाला सुमारे 138 अब्ज युनिट वीज खाते. साताऱ्यातल्या आमच्या कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट, आणि तो वर्षाकाठी तीन अब्ज युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे तुम्हाला पोसायला पंचेचाळीस कोयना लागतात. एका कोयनेसाठी इथली किती गावे उठली, ते धरणग्रस्तांच्या नातवंडांना विचारा.

तुमची जाहिरात सांगते की हे चलन कुठल्याही सरकारच्या, कुठल्याही सीमेच्या पलीकडचे आहे. असेल. पण पावसाच्या पलीकडचे ते नाही. चीनने 2021 मध्ये हाकलून देण्याआधी तुम्ही तिथे काय करत होता? पावसाळ्यात सिचुआनच्या धरणांची स्वस्त वीज, पाऊस सरला की यंत्रे ट्रकवर चढवून कोळशाच्या विजेकडे, शिनजियांगला. 2018 च्या जूनअखेरीस सिचुआनमध्ये पूर आला तेव्हा चिखलाने माखलेली यंत्रे उन्हात वाळत घातल्याचे फोटो जगभर फिरले. आम्ही ते ओळखले. पुढच्याच वर्षी महापुरानंतर सांगलीत दुकानांच्या वह्या, हळदीची पोती, शाळेची पुस्तके तशीच वाळत पडली होती. एप्रिल 2021 मध्ये शिनजियांगच्या एका कोळसा खाणीत पाणी घुसले, कामगार अडकले, सुरक्षा तपासणीसाठी वीज तोडली गेली आणि साऱ्या जगातल्या बिटकॉइनच्या गणनशक्तीला मोठा फटका बसला. ज्याला तुम्ही जगभर विखुरलेले म्हणता, ते एका खोऱ्यातल्या विजेने लंगडे होते.

अमेरिकेतल्या टेक्सासचे उदाहरण मात्र मला झोपू देत नाही. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात तिथल्या खाणींनी यंत्रे बंद केली. लोकांच्या घरात हीटर चालावेत म्हणून बंद केली, हे चांगलेच. पण पुढे ऐका. ऑगस्ट 2023 च्या भीषण उष्म्यात रायट नावाच्या कंपनीने यंत्रे बंद ठेवली आणि त्याबद्दल तिला 3 कोटी 17 लाख डॉलरची वीजसवलत पदरात पडली, तेव्हाच्या दराने अडीचशे कोटी रुपयांहून जास्त. त्या महिन्यात तिने खणलेल्या 333 बिटकॉइनच्या किमतीच्या तिपटीपेक्षा ही रक्कम मोठी. हवामान बिघडले की तुम्ही वीज न वापरल्याचे पैसे घेता. आमच्याकडे हवामान बिघडले की ऊस पंधरा दिवस पाण्यात कुजतो आणि शेतकरी पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही मोठ्याने सांगत नाही. एखादी खाण बुडाली की गणित आपोआप सोपे होते. दर 2,016 ठोकळ्यांनंतर (ब्लॉकनंतर), म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, त्याची काठिण्यपातळी नव्याने ठरते, आणि उरलेल्यांचा वाटा वाढतो. एकाचा पूर हा दुसऱ्याचा नफा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. तेव्हा गल्लीतल्या माणसांनी शेजाऱ्याच्या पोराला खांद्यावर घेऊन बाहेर काढले. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, त्यांच्या दु:खात सगळा पलूस तालुका बुडाला. बुडणाऱ्यावर नफा मोजणारी रचना आम्हाला उमजत नाही, आणि उमजून घ्यायचीही नाही.

हे सगळे तुम्हालाच का लिहितो? तुमचे डोळे स्वस्त जलविद्युत शोधत फिरतात म्हणून. आज भारतात अशा चलनाच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, यंत्रांचा खर्चही वजा मिळत नाही, म्हणून तुम्ही लांब आहात. पण भूतानच्या नद्यांपर्यंत तुम्ही पोहोचलातच. उद्या कर बदलला, तर कुणीतरी नकाशावर पश्चिम घाट दाखवील आणि म्हणेल, पावसाळ्यात इथे पाणी आहे, वीज आहे, थंड हवा आहे. म्हणून आधीच सांगतो. हा तोच घाट आहे जिथे 22-23 जुलै 2021 च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. दोन वर्षांनी, 2023 मध्ये, पाऊस रुसला, सांगलीत कृष्णेचे पात्र कोरडे पडले आणि कोयनेचे पाणी कुणाला किती सोडायचे यावर साताऱ्याचे आणि सांगलीचे पुढारी एकमेकांवर तुटून पडले. कोयनेच्या पोफळीच्या वीजघरातून उतरलेले पाणी कोकणात जाते, परत कृष्णेत येत नाही. तिथे तयार झालेल्या प्रत्येक युनिटामागे माण, खटाव, जत, आटपाडीच्या तहानेचा हिशेब आहे. त्या युनिटाने म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांचा पंप चालला तर जनावरांना पाणी मिळते. तुमचे यंत्र चालले तर एक आकडा मिळतो.

तुमच्या धंद्याचे नाव घेऊन महाराष्ट्राला आधी एकदा लुटून झालेले आहे. ‘गेनबिटकॉइन’ने लोकांना सांगितले, तुमचे बिटकॉइन आमच्या खाणीत गुंतवा, दरमहा दहा टक्के, अठरा महिने. माणसांनी आपल्या बचती दिल्या. एप्रिल 2018 मध्ये पुणे पोलिसांनी या योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पकडले. जानेवारी 2022 मध्ये तो वारला. तपास सीबीआयकडे गेला. पैसे परत मिळण्याची वाट लोक आजही पाहतात. तो तुम्ही नव्हता हे मान्य. पण खाण कुठे आहे, किती यंत्रे आहेत, पाणी शिरले तर कोण भरून देणार, हे गुंतवणूकदाराला न सांगण्याची तुमच्या बाजारातली सवयच त्याच्या कामी आली.

तेव्हा इकडे यायचे असेल तर आधी तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. शेड पूररेषेच्या आत उभी राहणार नाही. टंचाईच्या वर्षी यंत्रे पहिल्यांदा बंद होतील आणि त्याबद्दल एक पैसाही मागितला जाणार नाही. आणि शेतीचे फिडर रात्रीचे असेपर्यंत तुमची यंत्रे दिवसा चालणार नाहीत. हा कागद जिल्हाधिकारी कार्यालयात, सातारा आणि सांगली दोन्हीकडे, लोकांसमोर वाचून द्यावा लागेल.

— कृष्णाकाठचा एक वीजग्राहक, सांगली