स्वच्छ आवाजाचे परिपत्रक

विषय: अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाचे घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण.
स्थळ: डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर.

या परिपत्रकात ‘वाचक’ म्हणजे माइकसमोर बसणारी व्यक्ती. ‘तंत्रज्ञ’ म्हणजे प्रस्तुत लेखिका. तिची नेमणूक ‘तू कॉम्प्युटरवाली ना?’ एवढ्या एका प्रश्नाच्या मुलाखतीवर झाली. वाचक बँकेतून निवृत्त असून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून देण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे. ते तंत्रज्ञाचे सासरेही आहेत, सबब पुढील सूचना आदरपूर्वक केल्या आहेत असे समजावे.

प्रथम रेल्वेबाबत. कल्याणपर्यंत आगगाडी आली १८५४ साली. आवाज टिपून परत ऐकवणारं एडिसनचं यंत्र १८७७ चं. म्हणजे गाडी तेवीस वर्षांनी सीनियर. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला सीनियॉरिटी समजावून सांगावी लागू नये. पण प्रत्येक फास्ट लोकलला वाचक हात वर करून ‘थांबा!’ म्हणतात आणि तो ‘थांबा’ लोकलपेक्षा स्वच्छ रेकॉर्ड होतो. गाडी आली की गप्प बसावे, जाऊ द्यावे आणि वाक्य पहिल्यापासून घ्यावे. अर्ध्यातून जोडलेलं वाक्य कितीही कौशल्याने शिवलं तरी ठिगळ कळतंच.

खरी शांतता शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटण्याआधी. त्या वेळी वाचक झोपलेले असतात. उरली दुपार. दुपारी शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास चालतो. गणपतीच्या आधी दोन महिने ढोलांचा सराव, पाडव्याच्या आधीही तोच. पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली आपल्या डोंबिवलीतून सुरू झाली आणि मग गावोगावी गेली, याचा वाचकांना जाज्वल्य अभिमान आहे. सराव मात्र अंबरनाथला व्हावा असं त्यांचं मत आहे.

खोलीची निवड. खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे ‘टंण्ण’ असं शेपूट आलं तर ती खोली बाद. आमच्या हॉलमध्ये शेपूट एवढं लांब की टाळीला टाळी मिळाल्यासारखं वाटतं. बेडरूममध्ये लोखंडी कपाट आहे, ते स्वतःच घंटा आहे. शेवटी जागा सापडली ती आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, लाकडी कपाटासमोर. दोन्ही दारं उघडायची, आत सुती साड्यांच्या घड्या, वाचकांच्या पाठीमागे दोरीवर गोधडी. स्टुडिओवाले भिंतीला जो महागडा फोम चिकटवतात त्याचं निम्मं काम आईंच्या इरकलींनी फुकट केलं. अट एकच: साड्यांना हात लावायचा नाही आणि मध्येच ब्लाउज हवा असेल तर त्या आत येणार.

इथे एक गैरसमज दूर करावा. गोधडी खोलीतला घुम मारते, बाहेरची गाडी अडवत नाही. बाहेरचा आवाज हवेबरोबर फटीतून येतो, आणि सरकत्या खिडकीला फट ही असतेच. फटीत जुना टॉवेल कोंबावा. हे वाचकांना तीनदा सांगून झालं. त्यांनी आणखी एक गोधडी आणली.

पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. दर वीस मिनिटांनी घाम पुसण्याची सुट्टी.

फ्रिज बंद करावा आणि बंद करताना स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहते. ही युक्ती ध्वनिमुद्रणवाल्यांची जुनी आहे. आम्ही वाचकांचा चष्मा ठेवून पाहिला, पण चष्म्याशिवाय वाचायचं कसं हा मुद्दा नंतर लक्षात आला.

आता गुणगुण. पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये सतत एक बारीक ‘हंऽऽ’ होता. वाचकांचं निदान तयार होतं: रेल्वेची वीज. ‘पूर्वी वर तारेत दीड हजार व्होल्ट डीसी असायचं, आता पंचवीस हजार एसी केलंय. डीसी होतं तेव्हा असला आवाज नव्हता.’ माहिती खरी आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गाचा हा बदल २०१५ साली पुरा झाला. पण डीसी होतं तेव्हा बाबा रेकॉर्डिंगही करत नव्हते, हे सुनेने कसं म्हणायचं? घरातली वीजही एसीच, सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, आणि अर्थिंग धड नसेल तर तीच चार्जरमधून माइकच्या वायरीत उतरते. मी लॅपटॉपचा चार्जर काढला. गुणगुण गेली. ‘गाड्या बंद असतील आत्ता,’ बाबा म्हणाले. तेवढ्यात कर्जत लोकल गेली. तर नियम असा की लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करावा आणि वाचन बॅटरीवर करावे.

माइक तोंडापासून एक वीत. दोन विती झाल्या की आवाज निम्म्यावर येतो आणि खोली तेवढीच्या तेवढी राहते, मग आवाज वाढवायला जावं तर खोलीही वाढते. माइक नाकासमोर नको, किंचित बाजूला ठेवावा. मराठीचे महाप्राण हे माइकचे वैरी. भ, फ, ध म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि माइकवर ‘धप्’ असा आदळतो. त्यातून विषय अर्थशास्त्र. भांडवल, भाव, फायदा, भागधारक! एका परिच्छेदात पाच स्फोट. यावर उपाय म्हणून कपड्यांच्या तारेच्या हँगरला गोल वाकवून त्यावर नायलॉनचा मोजा ताणून बसवला. मोजा बाबांचा, बँकेतल्या दिवसांचा. ‘हा मी ऑडिटच्या दिवशी घालायचो,’ ते म्हणाले आणि दहा मिनिटं ऑडिटवर बोलले. ती दहा मिनिटं अप्रतिम रेकॉर्ड झाली आहेत. एकही धप् नाही.

आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा शब्दसुद्धा शून्याच्या खाली सहा ते बारा डेसिबलमध्ये राहील. शून्याला टेकला की शब्दाचा शेंडा कापला जातो आणि तो जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला जसाच्या तसा परत लावता येत नाही. बाबा शांतपणे सुरुवात करतात, पण ‘पैसा’ या प्रकरणात पुस्तकाशी त्यांचे मतभेद झाले आणि ते पुस्तकाला बोलू लागले. त्यामुळे पातळी ठरवताना वाचकांना आधी राग आणावा आणि मग काटा बघावा.

चुकल्यास ‘अरेच्चा’, ‘श्शी’, ‘हे कोणी लिहिलंय’ असे न म्हणता एक टाळी वाजवावी आणि वाक्य पुन्हा म्हणावे. आवाजाच्या आलेखात टाळीचा सुळका उभा दिसतो, मग मला चुका कान देऊन शोधाव्या लागत नाहीत, नुसत्या डोळ्यांनी सापडतात. पहिल्या प्रकरणाचा आलेख सह्याद्रीसारखा दिसत होता. आता तो बराच मैदानी झाला आहे.

पान उलटताना बोलू नये. चहाचा घोट ‘सुर्र’ करून घेऊ नये. वेताची खुर्ची वर्ज्य. घसा खाकरणे वाचनाआधी उरकावे. महिनाभर सगळी रेकॉर्डिंगं साफ करून मी एक हिशोब मांडला. रेल्वे, ढोल, ड्रिल, कुकर हे सगळं एका बाजूला आणि वाचक स्वतः दुसऱ्या बाजूला. वाचकांची बाजू भरली. हा ताळेबंद अद्याप त्यांच्यासमोर ठेवलेला नाही.

शेवटचे काम: खोलीच्या रिकाम्या आवाजाचा नमुना. कुणीही नसलं तरी खोलीला तिचा असा बारीक खरखरीचा आवाज असतो. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला हा नमुना दाखवला की ते सबंध रेकॉर्डिंगमधून तेवढी खरखर वजा करतं. वजाबाकी बेताने करावी, फार केली की माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा वाटतो. नमुन्यासाठी माइक चालू ठेवून वाचकांनी जागेवरच तीस सेकंद गप्प बसायचं. एवढंच.

पहिल्या दिवशी सातव्या सेकंदाला ‘झालं?’ दुसऱ्या दिवशी बाराव्याला ‘गॅसचा नंबर लावला का?’ तिसऱ्या दिवशी एकोणतीस सेकंद निघाले आणि तिसाव्याला ते विजयाने म्हणाले, ‘बघ!’

परवा शेवटचं प्रकरण संपलं. बाबांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि साड्यांकडे बघत नुसते बसले. मी स्टॉप दाबलं नाही. एक्केचाळीस सेकंद. ना गाडी, ना ढोल. फाईल ‘बाबा_गप्प’ या नावाने जपून ठेवली आहे.

आईंनी ती मोबाइलवर मागितली आहे.