आवक क्रमांक

जालन्यातल्या एका कार्यालयात ईमेल कसा येतो, ते सांगतो. आधी तो छापतात. मग शिक्का, आवक क्रमांक, साहेबांची तिरकी सही, टाचणी, आणि कागद फायलीत. तीन दिवसांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुमचा मेल आलाच नाही."

हसू नका. १९७९ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये ब्रूस बोर्डेन यांनी 'एमएच' नावाचा ईमेल हाताळणारा प्रोग्राम लिहिला. त्याचीही रीत हीच. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसत्या आज्ञा टाइप करायच्या. 'इंक' म्हटलं की आलेलं टपाल आत येतं; प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, आणि फाइलीचं नाव म्हणजे नुसता क्रमांक. 'स्कॅन' म्हणजे आवक नोंदवही. 'रिफाइल' म्हणजे ज्याच्या त्याच्या फोल्डरात रवानगी: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. आठ तालुके, आठ फोल्डर, काम संपलं.

फरक एवढाच की हा कारकून जेवायला गेलेला नसतो, आणि 'पिक'ला विषय सांगितला की जुनं पत्र मुकाट काढून देतो. इथंच घोडं पेंड खातं. पत्र गहाळ करण्याची सोय नसलेली यंत्रणा घेऊन कार्यालयानं करायचं काय?

जालना जिल्हा १ मे १९८१ला झाला. म्हणजे एमएच जिल्ह्यापेक्षा थोरला. त्याचा वारस 'एनएमएच' आजही फुकट मिळतो. तो इथं रुजू होईपर्यंत अर्ज हातानंच द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.