एवढा खटाटोप ‘हॅलो’साठी

व्यवहारचातुर्याचं कौतुक करायला जग बसलेलं आहे. मला टेलिफोन कंपन्यांच्या एका मूर्खपणाचं कौतुक करायचं आहे, आणि तेही अगदी मनापासून.

मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने २००२च्या सुमारास आयएमएस नावाचा आराखडा पुढे आणला. आयपी मल्टिमीडिया सबसिस्टीम. आवाज, चित्र, मजकूर, व्हिडिओ, सगळं इंटरनेटच्या पाकिटांत भरून एकाच जाळ्यातून पाठवायचं. कंपन्या हरखून गेल्या. बोलता बोलता फोटो दाखवता येणार, समोरचा मोकळा आहे की कामात ते फोन लावण्याआधीच कळणार! २०१२मध्ये ‘जॉइन’ या नावाने ही सेवा बाजारात उतरली, तोवर लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून मोकळे झाले होते. मल्टिमीडिया हातचं गेलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेला काम उरलं ते साध्या बोलण्याचं.

हिशेबी माणसाने इथेच दुकान आवरलं असतं. बोलणं टू-जीवर चाललंच होतं की! एअरटेलने एप्रिल २०१२मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं फोर-जी सुरू केलं, पण आवाज जुन्याच जाळ्यावर ठेवला. फोर-जीवरच्या हँडसेटला फोन आला की तो गुपचूप खाली टू-जी-थ्री-जीवर उतरायचा, बोलणं संपलं की पुन्हा वर. पैसे वाचत होते, गिऱ्हाइकाची तक्रारही फारशी नव्हती.

रिलायन्सने मात्र वेड्यासारखं केलं. २०१०च्या लिलावात देशभराचं स्पेक्ट्रम जिंकणारी इन्फोटेल कंपनी घेतली. त्या परवान्यात आवाज नव्हताच, तो २०१३ साली १,६५८ कोटी रुपये भरून जोडून घेतला. आणि ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं ते टू-जी नाही, थ्री-जी नाही, अशा अवस्थेत. फोर-जी गेलं की बोलणं बंद, उतरायला खालची पायरीच नाही. आयएमएसच्या आधाराने फोर-जीवरूनच बोलण्याचं हे ‘व्होल्टे’ प्रकरण बाजारातल्या कितीतरी हँडसेटना ठाऊक नव्हतं, तर कंपनीने हँडसेटही विकायला काढले. जिओवरून दुसऱ्या कंपन्यांकडे जाणारे कॉल अडू लागले, भांडण दूरसंचार नियामक ट्रायपर्यंत गेलं आणि ट्रायने तीन कंपन्यांना मिळून ३,०५० कोटींचा दंड सुचवला. एवढं होऊनही माघार नाही. वर्षभराने, सप्टेंबर २०१७मध्ये, एअरटेलनेही व्होल्टे आणलं, आणि आणलं ते आधी मुंबईत.

या खटाटोपाची किंमत विरार लोकलमध्ये कळते. नायगाव सोडताना एक बाई एका हाताने कडी धरून घरी सांगते, “भात लाव, पोचतेच मी.” तिच्या फोनने आधी जाळ्याला ‘इन्व्हाइट’ धाडलेलं असतं, तिकडून ‘रिंगिंग’ येतं, मग ‘ओके’, आणि शेवटी ‘बाय’. मधल्या काळात तिच्या आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होऊन सेकंदाला पन्नास पाकिटं निघतात. शेजारचा मुलगा क्रिकेट बघत असतो, त्याच्या व्हिडिओला थांबायला सांगून जाळं या पाकिटांना पुढे काढतं, कारण आवाजासाठी राखीव वाट दिलेली आहे. गाडी वसईकडे धावते तसे टॉवर बदलतात आणि वाक्य तुटू नये म्हणून सगळी यंत्रणा राबते. कशासाठी? तर भातासाठी. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. या कामासाठी हा खर्च मला योग्य वाटतो.

जुना फोन ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापून टाकायचा, आता सात हजारांपर्यंतचा जातो. ‘स’ आणि ‘फ’ स्पष्ट कळतात. वसईतल्या निर्मळ-गासच्या बाजूला सामवेदी बोली बोलणाऱ्या आजीचं बोलणं नातवाला पहिल्यांदा नीट ऐकू आलं असेल, तर ते या वेडेपणामुळेच.

आणि अंतराचं बघा. जुन्या फोनवर वसईच्या खाडीच्या अलीकडे भाईंदर ०२२, पलीकडे वसई ०२५०. खाडी ओलांडली की परगाव! पुढे ९५ लावून २५० फिरवायची सोय आली, तीही उपकार केल्यासारखी. पाकिटांच्या जाळ्याला खाडी दिसतच नाही.

म्हणूनच माझी मागणी आणखी मूर्खपणाची आहे. पूर्वीच्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरात अंधार असला तरी रिंग वाजायची. आता वीज गेली की टॉवर बॅटरीवर, बॅटरी उतरली की डिझेलवर, आणि रस्त्यावर कमरेइतकं पाणी असलं की डिझेलची गाडी पोचत नाही. घरातला वायफायही विजेबरोबर जातो. जुलै २०१८च्या पुरात वसई-विरारमध्ये लोकल बंद होत्या, घरं पाण्यात होती आणि अनेक भागांत वीज नव्हती. अशा वेळी माणसाला व्हिडिओ नको असतो. “आम्ही वरच्या मजल्यावर आहोत” एवढं सांगायचं असतं.

तेव्हा बॅटऱ्या आणि जनरेटर पुराच्या पातळीच्या वर चढवा. तीन दिवस टिकेल एवढा साठा करा, वर्षातले बाकीचे दिवस तो पडून राहिला तरी चालेल. पाणजू बेटावरून रेल्वे जाते पण थांबत नाही, अर्नाळा किल्ल्याला होडीनेच जावं लागतं. ही बेटं ज्या टॉवरवर विसंबून आहेत तिथून सुरुवात करा, गिऱ्हाइकं मोजत बसू नका. महापालिका, महावितरण आणि कंपन्यांनी यासाठी मे महिन्यातच एकत्र बसायला हवं, कारण जूनमध्ये पाऊस लागला की टॉवरखाली जोतं बांधता येत नाही.