द्राक्षाखेरीज सर्व काही

द्राक्षापासून निघणाऱ्या पेयात द्राक्षाखेरीज त्रिभुवनातील यच्चयावत पदार्थांचा वास यावा, आणि ज्याला तो येत नाही त्याची रसिकतेच्या दप्तरी नोंदच होऊ नये, असा जो वाइनशास्त्राचा दंडक आहे, त्याचे प्रात्यक्षिक मला ऐन तोडणीच्या हंगामात नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहावयास मिळाले. बोटभर सोव्हिन्यॉन ब्लाँ पेल्यात ओतून तेथील अदबशीर तरुण म्हणाला, "सर, आधी घोळवा, मग हुंगा. ढोबळी मिरची येतेय?" मिरची खरोखरच आली, आणि तीही शिजलेली नव्हे, तर सुरी लागताक्षणी देठापाशी जो हिरवा, उग्र दर्प उसळतो, तोच घेऊन आली. ज्यांची हयात थॉमसनच्या मांडवाखाली गेली ते आमचे निफाडचे मामा मात्र, "पैसे द्राक्षाचे अन् वास भाजीबाजाराचा!" एवढा शेरा मारून मोकळे झाले.

मामांची तक्रार सकृद्दर्शनी बिनतोड असली, तरी रसायनशास्त्राच्या कचेरीत ती टिकत नाही. ढोबळ्या मिरचीचा गंध ज्या पायराझिनांमुळे येतो, ती या द्राक्षात असतातच. शिराझमधील झणका ज्या रोटंडोनचा, ते ऑस्ट्रेलियन संशोधकांना 2008 च्या सुमारास द्राक्षाबरोबरच साक्षात काळ्या मिऱ्यातही सापडले. जिभेला कच्च्या सुपारीसारखा आवळून टाकणारा कॅबर्ने सोव्हिन्यॉन हा तर या दरबारातला काळा सरदार. पण 1997 साली कॅलिफोर्नियात डीएनएच्या पुराव्यावर त्याची वंशावळ तपासली गेली, तेव्हा कॅबर्ने फ्राँ आणि चक्क गोरी सोव्हिन्यॉन ब्लाँ ही त्याची मातापितरे निघाली, आणि या सरदाराच्या अंगालाही मधूनच ढोबळ्या मिरचीचा वास का येतो याचा निकाल परस्पर लागला. मर्लो स्वभावाने मवाळ, आलुबुखाराच्या वळणाचा; शेनिन ब्लाँ फळांच्या करंडीसारखी प्रसन्न; त्यांच्याविषयी कोणाचीच फिर्याद नाही. परंतु रीझलिंग बाटलीत मुरली की तिला पेट्रोलचा वास येतो आणि पारखी मंडळी त्यास गुण मानतात, हे रॉकेलच्या रांगेत वाढलेल्या माझ्यासारख्याच्या पचनी पडणे कठीण.

पारख्यांच्या नाकाविषयी फार आदर बाळगण्याचेही कारण नाही. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांपुढे पांढरीच वाइन निर्गंध लाल रंग घालून ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या ठरीव परिभाषेत केले. म्हणजे हुकूम डोळ्यांनी सोडला आणि नाकाने मुकाट तामील केला. उलट मस्कत ही बिचारी जात, जिच्या वाइनला राजरोस द्राक्षाचाच वास येतो, तिला याच सचोटीपायी पुष्कळ रसिक भोळी समजून खालच्या पाटावर बसवतात.

बाहेर पडता पडता मामा शिराझच्या ओळीत शिरले, दोन मणी चावले, बिया थुंकल्या आणि फिर्यादीच्या स्वरात म्हणाले, "गोडी आहे, पण फुगवण काहीच नाही. आमच्याकडे असला मणी पेटीत भरला तर व्यापारी दारात उभा करणार नाही."

"काका, मणी बारीकच लागतो," तरुण म्हणाला. "रंग अन् स्वाद बराचसा सालीत असतो. मणी फुगला तर नुसतं पाणी वाढतं."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग पोरा," ते म्हणाले, "बाटलीचा भाव सालीवर लावता, की पाण्यावर?"