फॉक्सप्रोवाले सर

मुखेडच्या मोंढ्यात कॉम्प्युटर बंद पडला की मेकॅनिकला फोन जातो. हिशोब अडला की फॉक्सप्रोवाल्या सरांना. हे हिशोब ज्यावर चालतात त्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच जाहीर केलं. २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेतला. सर म्हणतात, "त्यांनी थांबवलं असंल. आपण कुठं थांबवलंय?"

१९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत फॉक्सप्रोमध्ये क्लास, म्हणजे साचे, आले, तेव्हापासून सरांचा एक नेम आहे. मायक्रोसॉफ्टचा टेक्स्टबॉक्स ते फॉर्मवर थेट टाकत नाहीत. आधी त्याच्यावरून आपला क्लास, त्यातून रकमेचा, वजनाचा, तारखेचा. मग कुठं अडतीची पट्टी. सोयाबीनच्या सुगीत एका मुनीमजींना हमाली-तोलाईचे आकडे दिसेनात. सरांनी मूळ क्लासमध्येच फाँट १० चा १६ केला, चौकोनाची उंची वाढवली. सगळे फॉर्म एका दमात सुधारले. "एकेका फॉर्मवर कोण फिरत बसंल?" असं म्हणून सर उठले आणि लगेच खाली बसले. फुगलेले चौकोन एकमेकांवर चढले होते. 'बारदाना'खाली 'निव्वळ रक्कम' गडप झाली होती. मग संध्याकाळपर्यंत सर एकेका फॉर्मवर फिरत बसले.

बाहेरच्या कंपनीचं कॅलेंडर, म्हणजे ओसीएक्स, हे सरांच्या लेखी जावई. देखणा खरा, पण दर नव्या मशीनवर रजिस्ट्रीत नाव लावून मान दिला नाही, तर रुसून बसतो. म्हणून सर त्याच्याशी थेट बोलत नाहीत, मध्ये आपला क्लास ठेवतात. उद्या जावई बदलला तरी घरात कुणाला पत्ता लागत नाही.

तरी फोन येतोच. "सर, नव्या कॉम्प्युटरवर तारीखच दिसना गेलीय!"

सर गाडीवर पेनड्राइव्ह घेऊन हजर. कॅलेंडरची फाइल ३२ बिटची, म्हणूनच ६४ बिटच्या विंडोजवर ती 'सिस्टिम३२'मध्ये नाही, 'सिसवॉव६४'मध्ये ठेवायची, हे ते दर दुकानात नव्यानं समजावतात. दुकानदार मान डोलावून चहा सांगतो. चहा येईपर्यंत नोंदणी होते, कॅलेंडर उघडतं.

"किती द्यायचे, सर?"

"द्या की, समजून."

दुकानदार समजतो आणि चहाचे पैसे देतो.